कर्करोगाची पूर्वतपासणी : कोणाची, केव्हां व कशासाठीं

कर्करोग या नांवांत खेकडा दडलेला आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनीं या रोगाला खेकड्याचें नांव दिलें आणि तीच कल्पना ‘कर्क’ या शब्दानें मराठींत रूढ झाली. खेकडा जसा धरलेलें सोडीत नाहीं, तसा हा रोगहि एकदां जडला कीं माणसाला सोडीत नाहीं, अशी समजूत लोकांच्या मनांत खोल रुजली आहे. म्हणूनच कीं काय, सुशिक्षित घरांतहि हा शब्द आवाज उतरवून उच्चारला जातो. ‘त्यांना तें झालें आहे’ एवढेंच सांगून बोलणारा थांबतो, आणि ऐकणाराहि पुढें विचारीत नाहीं.

या भीतीपोटीं माणसें दोन प्रकारें वागतात. कांहीं म्हणतात, ‘शोधावयास जाऊं नये, म्हणजे सांपडणार नाहीं.’ कांहीं दरवर्षीं मोठ्या रकमेचें पॅकेज घेऊन नखशिखान्त तपासण्या करून घेतात आणि अहवालाची जाडी पाहून निश्चिंत होतात. दोघांनाहि जिवाची काळजी आहे. पण दोघांच्याहि वागण्यांत एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ही तपासणी नेमकी कोणासाठीं आहे? सर्व माणसांना सर्व कर्करोगांचा धोका सारखा नसतो. आणि धोका सारखा नसेल, तर तपासणीहि सारखी असून चालणार नाहीं.

प्रथम पूर्वतपासणी म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. ज्याला कांहींहि त्रास नाहीं अशा माणसाची, एखादा विशिष्ट रोग लवकर हुडकून काढण्यासाठीं, ठराविक काळानें केलेली तपासणी ती पूर्वतपासणी. ज्याच्या तोंडांतील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून येत नाहीं, जिच्या स्तनांत न दुखणारी गांठ हाताला लागते, त्या माणसाला पूर्वतपासणीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. त्यानें विनाविलंब डॉक्टरांकडे जाऊन निदान करून घेतलें पाहिजे. ‘दुखत नाहीं, म्हणजे साधी गांठ असेल’ हा समज विशेष घातक आहे; कारण स्तनाच्या कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखतच नाहीं.

पूर्वतपासणी ही एक चाळणी आहे. चाळणींतून गहूं खालीं पडतो व खडे वर राहतात. पण खड्यांबरोबर कांहीं टपोरे दाणेहि वर राहतात आणि एखादा बारीक खडा गव्हाबरोबर खालीं निसटतो. वर राहिलें तें सारें खडेच, असें कोणतीहि गृहिणी मानीत नाहीं. ती तें ताटांत घेऊन हातानें निवडते. त्याचप्रमाणें चाचणींत संशय आला म्हणजे कर्करोग झाला असें नव्हे. संशयित जागेचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच निदान होतें. तसेंच, चाचणी निर्दोष आली म्हणजे पुढें जन्मभर निर्धास्त राहावें असेंहि नव्हे.

येथें थोडा हिशेब मांडणें इष्ट आहे. समजुतीपुरती अशी एक चाचणी घ्यावी, कीं जी १०० रोग्यांपैकीं ८० जणांना हुडकते आणि १०० निरोगी माणसांपैकीं ५ जणांवर उगाच संशय घेते. ही चाचणी चांगलीच म्हणावयास हवी. आतां ती अशा १,००० लोकांस लावली, कीं ज्यांत ५ जणांना रोग आहे. त्यांपैकीं ४ सांपडतील, १ निसटेल आणि उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकीं सुमारें ५० जणांवर खोटा संशय येईल. म्हणजे पुढील तपासासाठीं बोलावलेल्या ५४ जणांत खरे रोगी अवघे ४. तीच चाचणी दुसऱ्या १,००० लोकांस लावली, कीं ज्यांत ५० जणांना रोग आहे. आतां ४० सांपडतील व ९५० निरोगी माणसांपैकीं सुमारें ४८ जणांवर खोटा संशय येईल. म्हणजे बोलावलेल्या ८८ जणांत जवळजवळ निम्मे खरे रोगी. चाचणी तीच, तपासणारा तोच; बदलला तो केवळ लोकसमूह. पूर्वतपासणीचें सारें मर्म या हिशेबांत आहे. चाचणी किती चांगली हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती कोणाला लावली हेंहि महत्त्वाचें.

कर्करोग सर्वांना सारखा गांठत नाहीं, ही गोष्ट वैद्यांच्या ध्यानांत फार पूर्वीं आली होती. अठराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील रामाझ्झिनी या वैद्यानें असें नमूद केलें, कीं मठांत राहणाऱ्या जोगिणींत स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांहून अधिक दिसतो. लंडनमधील पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं दाखवून दिलें, कीं धुराडीं साफ करणाऱ्यांना वृषणावरील त्वचेचा जो कर्करोग होतो त्याचें मूळ काजळींत आहे. मुंबईस १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं निरनिराळ्या समाजांतील चालीरीति व त्यांच्यांत आढळणारे कर्करोग यांचा संबंध चिकाटीनें अभ्यासिला. मुंबईंत १९६३ सालीं कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही सुरू झाली. ती भारतांतील अशा प्रकारची पहिली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक व गर्भाशयमुखाचा कमी, ही गोष्ट मुंबईच्या नोंदींत दीर्घकाळ ठळकपणें दिसून आली.

याचा अर्थ जात किंवा धर्म रोग देतो असा मुळींच नाहीं. विवाह व पहिलें बाळंतपण कोणत्या वयांत झालें, मुलें किती, त्यांना अंगावर किती काळ पाजलें, तंबाखू व सुपारी किती, या गोष्टी समाजासमाजांत निरनिराळ्या असतात, आणि त्यांच्या मागोमाग रोगहि निरनिराळे येतात. रीति बदलली कीं रोगाचें प्रमाणहि बदलतें. गेल्या कांहीं दशकांत मुंबईसारख्या शहरांत गर्भाशयमुखाचा कर्करोग घटत गेला व स्तनाचा वाढत गेला. शिक्षण, उशिरां विवाह, थोडीं मुलें आणि बैठें जीवन हीं ज्या घरांत आलीं, त्या घरांत धोका नाहींसा झाला नाहीं. त्यानें केवळ जागा बदलली.

जागतिक अंदाजानुसार २०२२ सालीं भारतांत कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रोगी झाले व ९ लाखांहून अधिक माणसें या रोगानें दगावलीं. या नव्या रोग्यांपैकीं जवळजवळ एकतृतीयांश केवळ तीन ठिकाणच्या कर्करोगाचे होते: स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख. या तिन्ही जागा अशा आहेत, कीं मोठीं यंत्रें नसतांहि प्रशिक्षित माणसाला त्या पाहतां येतात.

तोंडाचा कर्करोग बहुधा एकाएकीं उपटत नाहीं. पुष्कळदां आधीं गालाच्या आंत किंवा जिभेच्या कडेला न पुसला जाणारा पांढरा अगर लाल चट्टा दिसतो. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांत तोंडाचें अस्तर कडक होऊन जबडा पुरता उघडेनासा होतो. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडांत त्याचीं तीन बोटें एकावर एक उभीं सहज मावतात. तीं मावेनाशीं झालीं म्हणजे वेळींच सावध व्हावें. केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांतील १३ पंचायतींत १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या सेवकांनीं घरोघर जाऊन ३५ वर्षांवरील स्त्रीपुरुषांचीं तोंडें तपासलीं. २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हां तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु ३४ टक्क्यांनीं कमी झाल्याचें दिसलें. मात्र सर्व लोक एकत्र घेतले असतां लाभ निश्चितपणें सिद्ध झाला नाहीं. वर मांडलेल्या हिशेबाचाच हा प्रत्यक्ष पडताळा होय.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कथा याहून आशादायक आहे. या रोगाचें मूळ मानवी पॅपिलोमा विषाणूंत, म्हणजे एचपीव्हींत आहे, हा शोध जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं लावला व त्याबद्दल त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु फार सामान्य असून संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या शरीरांतून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्या शरीरांत तो ठाण मांडून बसतो, त्यांतील कांहींना पुढें रोग होतो. पण त्यालाहि सामान्यतः १५ ते २० वर्षें लागतात. एवढी दीर्घ मुदत देणारे कर्करोग थोडे आहेत. या मुदतींत चाचणी केली, तर रोग होण्यापूर्वींच बिघडलेला भाग काढून टाकतां येतो.

या बाबतींत महाराष्ट्रानें जगाला पुरावा दिला आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्यानें, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यांत, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर एक अभ्यास झाला. २००९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं आयुष्यांत केवळ एकदां विषाणूची चाचणी देऊं केलेल्या गटांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या आणि ती न मिळालेल्या, संख्येनें किंचित् लहान अशा गटांत ६४. मुंबईच्या गरीब वस्त्यांत झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत यंत्रहि नव्हतें. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लच, गर्भाशयमुखास लावून पांढरे होणारे डाग ओळखावयास शिकविलें. या साध्या उपायानें मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले, असें २०१४ सालीं सिद्ध झालें. संकोच हा येथें मोठा अडसर असतो. पण विषाणूच्या चाचणीसाठीं स्त्रीला स्वतःच नमुना घेतां येतो, हेंहि आतां मान्य झालें आहे.

स्तनाच्या कर्करोगांत वयाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मुंबईंत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांपैकीं एका गटाची स्तनतपासणी प्रशिक्षित स्त्रियांनीं दर दोन वर्षांनीं हातानें केली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें पन्नास वर्षें व त्यापुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मात्र लक्षणीय घट दिसली नाहीं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, हिचेंहि असेंच आहे. तरुण स्त्रीच्या स्तनाची घडण दाट असते, त्यामुळें तींत गांठ नीट उठून दिसत नाहीं. म्हणून वीस-पंचवीस वर्षांच्या मुलीची दरवर्षीं मॅमोग्राफी करणें हें सावधपणाचें लक्षण नव्हे.

नको त्या माणसाची नको ती तपासणी केल्यास काय होतें, याचें ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचें. तेथें १९९९ सालीं कर्करोगाच्या पूर्वतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अवटु ग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची, तपासणी त्यांत समाविष्ट नव्हती. पण रुग्णालयांनीं अल्प शुल्कांत ती जोडून दिली आणि लोकांनींहि हौसेनें करून घेतली. २०११ सालीं या कर्करोगाच्या निदानाचें प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालें. मृत्यूंचें प्रमाण मात्र होतें तेथेंच राहिलें. ज्या सूक्ष्म गांठींनीं जन्मभर कांहीं त्रास दिला नसता, त्या शोधून हजारों लोकांच्या ग्रंथि काढण्यांत आल्या व त्यांतील पुष्कळांना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागल्या. ब्रिटनमध्यें दोन लाख स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांतहि, सीए-१२५ ही रक्ताची चाचणी व सोनोग्राफी यांच्या साह्यानें घेतलेल्या पूर्वतपासणीमुळें अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यु कमी झाले नाहींत, असें २०२१ सालीं दिसून आलें. पॅकेजमध्यें चाचण्यांची संख्या वाढली म्हणजे संरक्षण वाढलें, असें मुळींच नाहीं.

एकीकडे असा अतिरेक, तर दुसरीकडे पूर्ण अभाव. भारत सरकारनें २०१६ सालीं ठरविलेल्या धोरणांत ३० ते ६५ वयाच्या सर्वांच्या तोंडाची आणि त्याच वयाच्या स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची दर पांच वर्षांनीं तपासणी करावी असें सांगितलें आहे. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं गर्भाशयमुखाची तपासणी कधीं तरी झालेल्या केवळ १.९ टक्के, स्तनांची झालेल्या ०.९ टक्के, आणि तोंडाची तपासणी झालेले पुरुष १.२ टक्के आढळले. शंभरांतील अठ्ठ्याण्णव दारापर्यंत पोंचलेच नाहींत.

हा सारा विचार एका घरांत कसा लागू पडतो तें पाहावें. अशीं घरें शहरांत गल्लोगल्लीं आहेत. सत्तरी ओलांडलेल्या आजी, पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, त्यांची बावन्न वर्षांची पत्नी, सव्वीस वर्षांची मुलगी. आणि रोज सकाळीं धुणीं-भांडीं करण्यास येणारी अडतीस वर्षांची बाई. गृहस्थांनीं घरांतील चौघांसाठीं तपासणीचें पॅकेज घेतलें आहे.

गृहस्थ स्वतःला निर्व्यसनी समजतात, कारण ते विडी-सिगारेट ओढीत नाहींत. जेवणानंतर सुपारी व चिमूटभर तंबाखू एवढेंच. पण तंबाखू न घालतांहि सुपारी कर्ककारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं दिला आहे. त्यांच्या रक्ताच्या तपासणीनें अहवालाचीं दहा पानें भरलीं. पण दिव्याच्या उजेडांत त्यांचें तोंड उघडून कोणीं पाहिलें नाहीं. त्यांना खरी गरज होती ती त्या दोन मिनिटांची, आणि सुपारीचा डबा कायमचा उचलून ठेवण्याची.

त्यांच्या पत्नीला वाटतें, पाळी गेली, मुलगी मोठी झाली, आतां तपासणी कशाला? वस्तुतः स्तनांच्या तपासणीचा लाभ ज्या वयांत होतो, त्याच वयांत त्या आहेत. गर्भाशयमुखाची चाचणीहि त्यांची कधींच झालेली नाहीं. पाळी गेल्यावर आम्ल लावून पाहण्याची रीत तितकी उपयोगी पडत नाहीं, तेव्हां त्यांनीं विषाणूची चाचणी करून घ्यावी.

मुलीच्या आत्याला अडतिसाव्या वर्षीं स्तनाचा कर्करोग झाला होता. ‘तें वडिलांच्या घराण्यांतलें, मुलीला त्याचें काय?’ असें घरांत समजतात. हें चूक आहे. कांहीं थोड्या कुटुंबांत जो आनुवंशिक दोष उतरतो, तो वडिलांकडूनहि तितकाच उतरतो. मुलीला दरवर्षीं मॅमोग्राफी नको. पण हा कौटुंबिक इतिहास एकदां तज्ज्ञ डॉक्टरांपुढें मांडावयास हवा. दुसरीकडे, घराण्यांत कोणाला झाला नाहीं म्हणून निर्धास्त राहणेंहि चुकीचें, कारण स्तनाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रोग्यांच्या घराण्यांत तो पूर्वीं झालेला नसतो.

आजींचें वय पूर्वतपासणीच्या मर्यादेपलीकडे गेलें आहे. पण गेल्या महिन्यांत त्यांना दोनदां रक्त दिसलें आणि लाजेनें त्या कोणाशीं बोलल्या नाहींत. पाळी गेल्यानंतर वर्षानुवर्षांनीं दिसलेलें रक्त, एक थेंब असला तरी, तपासून घेतलेंच पाहिजे. येथें प्रश्न चाचणीचा नाहीं. सुनेनें किंवा नातीनें जवळ बसून विचारण्याचा आहे.

राहिली ती पांचवी व्यक्ति, जिचें नांव पॅकेजच्या यादींत नाहीं. तिचें लग्न सोळाव्या वर्षीं झालें, तिला तीन मुलें आहेत, आणि ती सकाळ-संध्याकाळ दांतांना मशेरी लावते. या घरांतील पांच माणसांत तोंडाच्या व गर्भाशयमुखाच्या तपासणीचा लाभ सर्वांत अधिक कोणाला होणार असेल, तर तो तिला. सरकारी कार्यक्रमांत ही तपासणी विनामूल्य होते. ती होत नाहीं, कारण तिला त्याची माहिती नाहीं. आणि माहिती झाली तरी केंद्राच्या वेळींच तिला चार घरचीं भांडीं घासावयाचीं असतात.

तिला तिच्या धोक्याची जाणीव करून देणें, हें काम प्रत्येक वेळीं मोठ्या मोहिमेवर सोंपविण्याचें कारण नाहीं. गृहिणीनें जवळच्या आरोग्यकेंद्रांतील तपासणीचा वार विचारून घ्यावा, त्या दिवशीं पगार न कापतां तिला अर्ध्या दिवसाची रजा द्यावी. आणि शक्य तर तिच्याबरोबर स्वतःहि जावें, कारण चाचणी दोघींचीहि राहिलेली आहे. त्या सकाळीं भांडीं तशींच पडून राहतील. तीं संध्याकाळीं घासतां येतात.